चार हजार फोटो एकदम लहान करायचेत: काळ्या खिडकीत शिरू की बटणंच दाबत बसू?

दप्तरदार
मंडळी, नमस्कार. आमच्या भटक्यांच्या गटाचे नऊ वर्षांचे फोटो माझ्या गळ्यात पडलेत. एका भटकंतीचा एक फोल्डर, असे ६१ फोल्डर. एकूण ४,३१८ फोटो, साधारण २६ जीबी. तीन कॅमेरे आणि कोणाकोणाचे फोन, सगळी खिचडी. करायचं एवढंच:

लांब बाजू १६०० पिक्सेलवर आणायची, पण आधीच लहान असलेला फोटो ताणायचा नाही. फोटोत लपलेलं ठिकाण (जीपीएस) काढून टाकायचं. आणि जमलं तर कोपऱ्यात गटाचं नाव, देवनागरीत.

मागच्या आठवड्यात इमेजमॅजिक (कमांड लिहून फोटो बदलायचं सॉफ्टवेअर) टाकून घेतलं आणि कुठूनतरी उचललेली एक कमांड सगळ्या फोल्डरांवर फिरवली. 'ॲम्बिग्युअस रिडायरेक्ट' अशी तक्रार ५९ वेळा पडद्यावर आली (हो, मोजल्या. स्वभावाला औषध नाही). झालं काहीच नाही, म्हणून खिडकी बंद करून झोपलो.

तर प्रश्न असा की एवढ्याशा कामासाठी हे शिकण्यात अर्थ आहे का? की सरळ बटणांचं काहीतरी घ्यावं?

कुंपणावरचा
बटणं. इरफानव्ह्यू उघडा, 'बी' दाबा, बॅचची खिडकी येते. आकार, दर्जा, नाव बदलणं, सगळं एका जागी. विंडोज नसेल तर एक्सएनकन्व्हर्ट घ्या, ते सगळीकडे चालतं आणि आधी नमुना दाखवतं. लोक चहा ढवळायलाही स्क्रिप्ट लिहितील आता.

उलटा_पाना
कुंपणावरचे, एकदाच करायचं असेल तर तुमचं बरोबर आहे. पण नऊ वर्षांचे फोटो म्हणजे दहाव्या वर्षाचेही येणार. तेव्हा मागच्या खेपेला कुठल्या खिडकीत कुठली खूण केली होती हे कुणाला आठवणार? कमांड एका मजकूर फाइलमध्ये ठेवली की तीच तुमची नोंदवही.

दप्तरदार, इमेजमॅजिक म्हणजे एक अवजार नाही, पेटी आहे. 'आयडेंटिफाय' फोटोची माहिती सांगतं, 'कन्व्हर्ट' एक फोटो घेऊन दुसरा बनवतं, 'मॉग्रिफाय' ढिगाचं काम करतं, 'मॉन्टाज' अनेक फोटोंचा एक तक्ता करतं, 'कम्पोझिट' एकावर एक ठेवतं. तुम्हाला हवं ते मॉग्रिफाय. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टंकताना अर्थातच रोमनमध्ये, आणि फुली म्हणजे इंग्रजी एक्स:

मॉग्रिफाय -पाथ ../लहान -ऑटो-ओरिएंट -रिसाइझ '१६००×१६००>' -स्ट्रिप -क्वालिटी ८५ *.जेपीजी

सातवी आवृत्ती असेल तर सुरुवातीला 'मॅजिक' लावायचं. 'लहान' हा फोल्डर आधी हाताने बनवा, मॉग्रिफाय तो स्वतः बनवत नाही. आणि -पाथ, म्हणजे तयार फोटो कुठे ठेवायचे ते, विसरू नका. ते नसेल तर मॉग्रिफाय मूळ फोटोवरच लिहितं. विचारत नाही, सांगत नाही, कचरापेटीतही टाकत नाही.

पाटीपेन्सिल
वरचं शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा कुणीतरी.

मी तीन वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नाचे सगळे फोटो असेच ४०० पिक्सेलचे करून ठेवले. पाठवायला लहान हवे होते. पहिल्यांदा कमांड चालवली तेव्हा एवढ्या पटकन झालं की मला वाटलं वा, काय गती आहे! मग 'लहान' फोल्डर शोधायला गेले तर तो नाहीच. असणार कसा, मी -पाथ लिहिलंच नव्हतं. मूळ फोल्डर उघडला तर प्रत्येक फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. कार्ड फोटोग्राफरने पुसून दुसरीकडे वापरलेलं. अल्बम छापलेला होता म्हणून निभावलं, नाहीतर नवरीने मला हळद लावून उभं केलं असतं.

तेव्हापासून नियम: आधी पूर्ण फोल्डरची प्रत, मग प्रतीवर काम, आणि तेही आधी पाच फोटोंवर.

कोरडा_विनोद
विंडोजवाल्यांनो, कमांड खिडकीत नुसतं 'कन्व्हर्ट' लिहू नका. त्या नावाची विंडोजची स्वतःची एक कमांड आधीपासून आहे. ती फोटो नाही, अख्ख्या डिस्कची फाइली मांडायची पद्धतच फॅटमधून एनटीएफएसमध्ये बदलते. फोटो लहान करायला गेलो आणि घराचा पाया बदलून आलो.

उलटा_पाना
हाहा. सातव्या आवृत्तीत सगळं 'मॅजिक' या एका नावाखाली आणलंय, त्यामुळे ही टक्कर टळते. 'कन्व्हर्ट' लिहिलं तर आता 'हे नाव जुनं झालं' असा इशाराही मिळतो.

निशाचर_दोन
तुमची 'ॲम्बिग्युअस रिडायरेक्ट'ची भानगड कुणी सांगितली नाही म्हणून सांगतो. ती तक्रार इमेजमॅजिकची नाही, शेलची आहे, म्हणजे काळ्या खिडकीत तुमची कमांड आधी वाचणाऱ्या प्रोग्रामची.

'१६००×१६००>' मधला तो बाण इमेजमॅजिकच्या भाषेत म्हणतो की याहून मोठा असेल तरच लहान कर. पण शेलच्या भाषेत त्याच बाणाचा अर्थ पुढे जे नाव आहे त्या फाइलमध्ये उत्तर ओत. तुम्ही अवतरणचिन्हं दिली नसणार, म्हणून बाण इमेजमॅजिकपर्यंत पोचलाच नाही, शेलनेच वाटेत खाल्ला. मग शेलने पुढचं '*.जेपीजी' उलगडलं, त्यातून निघाले शंभर फोटो, आणि तो म्हणाला, ओतू तरी कशात? म्हणून ॲम्बिग्युअस.

बॅश नावाच्या शेलमध्ये होतात म्हणून वाचलात. झेड शेलमध्ये 'मल्टिऑस' नावाची सोय मुळातच चालू असते. तिथे बाणापुढे शंभर फाइली आल्या तर तो गोंधळत नाही, शंभरांतही ओततो. ओतायच्या आधी प्रत्येक फाइल रिकामी करतो. मॅकवर २०१९ पासून तोच शेल आपोआप मिळतो, तेव्हा मॅकवाल्यांनी हे दोनदा वाचावं.

दप्तरदार
बापरे. हो, बॅशच आहे. अवतरणचिन्हं नव्हती. म्हणजे काही झालं नाही हे नशीबच म्हणायचं.

तिरकी_रेघ
मला एक कळत नाही, प्रत्येकजण -स्ट्रिप का सुचवतो? त्याने फक्त ठिकाण जात नाही. तारीख, कॅमेरा, लेन्स सगळं जातं, आणि आयसीसी म्हणजे रंगांची ओळखही जाते. ज्या फोनचे फोटो पी३ या जास्त रंगांच्या रंगमंडलात असतात त्यांची ओळख काढली की दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांना नेहमीच्या, साध्या एसआरजीबी रंगमंडलातले समजतं. लाल-केशरी फिकट, सगळा फोटो धुतल्यासारखा. मग लोक म्हणतात इमेजमॅजिकने रंग उतरवले.

फक्त ठिकाण काढायचं तर एक्झिफटूल वापरा: एक्झिफटूल -जीपीएस:ऑल= आणि पुढे फोल्डर. ते मूळ फाइल शेवटी '_ओरिजिनल' जोडून बाजूला ठेवतं, तेवढी माणुसकी त्यात आहे.

उलटा_पाना
मान्य, पण वेबवर टाकायच्या लहान फोटोंत तारीख-लेन्स हवी कशाला? मी -स्ट्रिपच्या आधी '-प्रोफाइल' देऊन रंग एसआरजीबीत आणून मगच सोलतो. क्रम महत्त्वाचा.

तिरकी_रेघ
क्रमाबद्दल बोललात ते बरं झालं. अर्धी जनता -स्ट्रिप आधी आणि -ऑटो-ओरिएंट नंतर लिहिते. आधी कळस मग पाया. फोन उभा धरला तरी सेन्सर आडवंच लिहितो, आणि एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोत लपलेल्या माहितीत, एक आकडा टाकतो, १ ते ८ मधला. ६ म्हणजे दाखवताना घड्याळाच्या दिशेने पाव फेरी फिरव. तो आकडाच आधी सोलून टाकलात तर ऑटो-ओरिएंट वाचणार काय? सगळी माणसं कड्यावर आडवी झोपलेली.

टिंबटिंब
आमच्याकडे असा एक फोटो आहे, त्यात धबधबा डावीकडून उजवीकडे वाहतो. तो तसाच ठेवलाय. फार शांत वाटतं बघून.

सावकाश
८५ टक्के दर्जा पुरेल का? मी नेहमी १०० ठेवतो.

तिरकी_रेघ
ते टक्के नाहीत हो. १ ते १०० ही एक फूटपट्टी आहे, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची आपापली. इथला ८५ आणि दुसऱ्या कुठल्या संपादकातला ८५ सारखे असतीलच असं नाही. १०० ठेवलं तरी जेपीईजी काहीतरी टाकतंच, फक्त फाइल फुगते. दर्जा लिहिलाच नाही तर इमेजमॅजिक मूळ फोटोवरून अंदाज बांधतं, अंदाज नाही बांधता आला तर ९२ धरतं. १६०० पिक्सेलला ८२ ते ८५ छान. आणि लहान केलेल्यावरून पुन्हा लहान करू नका, दर वेळी मूळ फोटोवरूनच.

सावकाश
टक्के नाहीत हे आजच कळलं. दहा वर्षं '१०० टक्के शुद्ध' समजून बसलो होतो.

मात्रावेलांटी
देवनागरी नावाचं कुणी बोललं नाही, म्हणून मी येते.

-ॲनोटेटने नाव टाकायला जाल तर दोन गोष्टी सांभाळा. एक, -फॉन्टमध्ये देवनागरी असलेला फॉन्ट द्या, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. नाहीतर चौकोनांची रांग मिळेल. दोन, फॉन्ट असूनही अक्षरं मोडू शकतात. जोडाक्षरं जुळवणं आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन बसवणं हे नुसत्या फॉन्टचं काम नाही, त्यासाठी मांडणी करणारी वेगळी लायब्ररी लागते. 'मॅजिक -व्हर्जन' लिहा, खाली डेलिगेट्सची, म्हणजे जोडलेल्या लायब्रऱ्यांची, यादी येते, तिच्यात 'राक्म' आहे का पाहा. नसेल तर 'निसर्ग'मधली वेलांटी 'न'च्या नंतर जाऊन बसते आणि रफार पाय मोकळे करायला निघतो.

मी स्वतः हा वाद घालतच नाही. नाव एकदाच नीट मांडून पारदर्शक पीएनजी करून ठेवलंय. प्रत्येक फोटोवर कम्पोझिटने -ग्रॅव्हिटी साउथईस्ट, म्हणजे खालचा उजवा कोपरा. वळणही आपल्या मनासारखं, आणि यंत्र बदललं तरी अक्षरं मोडत नाहीत.

हे फोटो लहान केल्यानंतर करा. आधी केलंत तर २४ मेगापिक्सेलच्या फोटोवरचं नाव मुंगीएवढं होईल आणि जुन्या फोनच्या फोटोवर अर्धा फोटो व्यापेल.

दप्तरदार
मात्रावेलांटी, दंडवत. आमच्या नावात एक र्‍ह आणि एक क्ष आहे. पीएनजीच.

मात्रावेलांटी
र्‍ह वरून आठवलं, फाइलींच्या नावांत 'ऱ' असेल तर जपून. नुक्त्यासकट तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकसंध किंवा र अधिक नुक्ता. मॅकच्या जुन्या फाइलव्यवस्थेत तो मोडून साठवला जाई. तिथून आणलेला 'किनाऱ्यावर' आणि तुम्ही टंकलेला 'किनाऱ्यावर' डोळ्यांना एकच, पण शेलला दोन वेगळी नावं. मी एकदा पाऊण तास 'फाइल सापडत नाही' वाचत बसले होते, फाइल समोर दिसत असताना.

टिंबटिंब
यालाच म्हणतात 'र'ला 'ट' जोडणे.

रात्रपाळी
गतीबद्दल. दप्तरदार, 'कन्व्हर्ट *.जेपीजी' असं चुकूनही करू नका. कन्व्हर्ट आधी सगळे फोटो स्मृतीत घेतं, मॉग्रिफाय एकेक घेतं आणि सोडतं. सातव्या आवृत्तीची नेहमीची बांधणी प्रत्येक पिक्सेलच्या प्रत्येक रंगवाहिनीला ३२ बिट धरते. २४ मेगापिक्सेलचा एक फोटो म्हणजे स्मृतीत शेकडो एमबी. डिस्कवर तो ६ एमबीचा दिसतो म्हणून फसू नका, तो आवळलेला असतो. असे शंभर एकदम उघडले की संगणक तुमच्याशी बोलायचं बंद करतो.

उलट दिशेला, एकेक करत बसलात तर बाकीचे कोअर माशा मारत बसतात. फाइंड या फाइली शोधणाऱ्या कमांडमधून नावं काढून ती एक्सआर्ग्ज या कामं वाटणाऱ्या कमांडला द्या, -पी ४ लावून, चार कामं शेजारी-शेजारी चालतील. मात्र तेव्हा मॅजिक_थ्रेड_लिमिट १ करा. नाहीतर चारही जण आपापले धागे सोडतात आणि एकमेकांच्या पायात पाय.

आणि खरंच गती हवी असेल तर लिबव्हिप्स बघा. त्यातलं 'व्हिप्सथंबनेल' फोटो पूर्ण न उघडता पट्ट्यापट्ट्यांनी वाचतं. नुसतं लहान करायला त्याच्यापुढे इमेजमॅजिक हत्ती आहे.

उलटा_पाना
हत्ती खरा, पण त्याच्या वयाचा मान ठेवा. जॉन क्रिस्टी यांनी ड्युपाँटमध्ये १९८७ मध्ये सुरुवात केली. २४ बिटांची चित्रं २५६ रंगांच्या पडद्यावर दाखवायची होती, एवढीच गरज. १९९० मध्ये यूझनेटवर, म्हणजे तेव्हाच्या चर्चागटांच्या जाळ्यावर, सगळ्यांसाठी खुलं झालं. २००२ मध्ये त्यातून ग्राफिक्समॅजिक फुटून निघालं. पडदे बदलले, हे टिकलं.

कुंपणावरचा
इतिहास झाला, स्मृती झाली, युनिकोड झालं. त्या माणसाचे फोटो लहान झाले का?

दप्तरदार
झाले! म्हणजे, जवळजवळ.

आधी पाटीपेन्सिल यांचं ऐकून पूर्ण प्रत घेतली. पाच फोटोंवर करून पाहिलं, सुंदर. मग सगळ्या ६१ फोल्डरांसाठी एकच: फाइंडने -आयनेम '*.जेपीजी' शोधून मॉग्रिफायला दिले, -पाथ ../लहान. पाऊण तास पंखा भणभणला. मूळ फोटो जसेच्या तसे आहेत.

पण 'लहान'मध्ये ३,८७१ फोटो आहेत. ४,३१८ मधून. ४४७ गेले कुठे?

सावकाश
काहींचं शेपूट मोठ्या अक्षरांत असेल. लिनक्सला .जेपीजी थोरला आणि धाकटा वेगळे.

दप्तरदार
नाही, -आयनेमला तो फरक पडत नाही. शिवाय तपासलं, सगळी शेपटं धाकटीच आहेत.

रात्रपाळी
स्मृतीची मर्यादा? इमेजमॅजिकच्या पॉलिसी फाइलमध्ये मर्यादा घातलेल्या असतात, त्या ओलांडल्या की 'कॅश रिसोर्सेस एक्झॉस्टेड' म्हणून सोडून देतं. पडद्यावर काही आलं का?

दप्तरदार
एक-दोन ओळी लाल-पिवळ्या काहीतरी सरकून गेल्या. चारशे नक्की नाही.

अर्धविराम
वाचनमात्र असतो, पण हे माझ्याबरोबर झालंय.

कॅमेरे फाइलींना चारच अंक देतात, ०००१ ते ९९९९. पुढे पुन्हा ०००१. तीन कॅमेरे, नऊ वर्षं. म्हणजे तुमच्या ६१ फोल्डरांत एकाच नावाचे फोटो असणारच. वेगवेगळ्या फोल्डरांत होते तोवर सुखाने नांदत होते. -पाथ फक्त फाइलीचं नाव घेतं, आधीची वाट टाकून देतं. तुम्ही सगळ्यांना एकाच 'लहान'मध्ये पाठवलंत. नंतर आलेला आधीच्याच्या डोक्यावर बसला, गुपचूप.

नुसत्या नावांची यादी काढून सॉर्ट आणि युनिकमधून गाळा. एकमेव नावं ३,८७१ च्या आसपास निघतील.

दप्तरदार
३,८७३!!! अर्धविराम, इतके दिवस होतात कुठे?

निशाचर_दोन
वा. -पाथमुळे मूळ वाचले आणि -पाथमुळेच नकला मेल्या.

उलटा_पाना
यात माझाही दोष, एका फोल्डरची कमांड दिली आणि ६१ फोल्डर विसरलो. आता एक्झिफटूलने सगळ्यांना तारीख-वेळेचं नाव द्या आणि मग चालवा. एकाच सेकंदात दोन फोटो असतील तर ते पुढे क्रमांक जोडू शकतं.

तिरकी_रेघ
नको. तीन कॅमेऱ्यांची घड्याळं जुळतात असं कोण सांगतं? बॅटरी काढून ठेवलेला कॅमेरा परत चालू झाला की त्याच्या लेखी काळ पहिल्या दिवसापासून सुरू. आणि फोनवरून फोनवर ढकललेल्या फोटोंत बहुधा तारीखच उरलेली नसते. फोल्डर आधीच भटकंतीप्रमाणे लावलेत ना, मग तीच रचना पलीकडे उभी करा. प्रत्येक फोल्डरसाठी 'लहान'मध्ये त्याच नावाचा फोल्डर, आणि -पाथ तिथे. नावं बदलायची गरजच नाही.

उलटा_पाना
हे जास्त बरं. मागे घेतो.

पाटीपेन्सिल
फिरणाऱ्या कमांडीच्या आधी 'एको' लिहून एकदा चालवा. काय करणार ते नुसतं वाचून दाखवते, करत नाही (बाण अवतरणचिन्हांत असेल तरच हं). तेवढं वाचलं असतं तर मी आज लग्नांना ताठ मानेने गेले असते.

दप्तरदार
केलं. एको लावून वाचलं, मग एको काढून चालवलं. ६१ फोल्डर, ४,३१६ फोटो. कोपऱ्यात नावही बसलं, र्‍ह आणि क्षसकट.

दोन राहिलेत. आणि मगाशी ३,८७१ आणि ३,८७३ मध्येही दोनाचाच फरक होता, आत्ता लक्षात आलं. त्या दोन फायलींवर आयडेंटिफाय रुसतंय.

रात्रपाळी
अर्धवट उतरलेल्या असतील. पण अर्धवट जेपीईजीचा बहुधा वरचा भाग तरी निघतो, खाली राखाडी पट्टा. आकार किती आहे?

दप्तरदार
शून्य. दोन्ही शून्य बाइट. एक दुसऱ्या वर्षीचा, एक गेल्या वर्षीचा. दोन्हींची शेवटच्या बदलाची वेळ मात्र एकच मिनिट: मागच्या आठवड्यात मंगळवार, रात्री १०:५२.

निशाचर_दोन
दप्तरदार, त्या दोन फोल्डरांत आणखी किती फोटो आहेत?

दप्तरदार
एकही नाही. दोन्ही भटकंत्या पावसाने पायथ्याशीच संपल्या होत्या. एकेकच फोटो.

निशाचर_दोन
मग चूक माझी. मी अर्धंच सांगितलं. बॅश गोंधळतो ते बाणापुढे अनेक नावं आली तर. एकच नाव आलं तर गोंधळायचं कारणच काय, तो ती फाइल रिकामी करून ओतायला तयार. तुमची पहिली पोस्ट पुन्हा पाहा. फोल्डर ६१, तक्रारी ५९. उरलेल्या दोघांत तक्रार नव्हती कारण तिथे कमांड यशस्वी झाली होती.

टिंबटिंब
अंगावर काटा.

कोरडा_विनोद
मोजल्या होत्या म्हणून निदान कळलं तरी.

पाटीपेन्सिल
आणि मी 'आधी प्रत घ्या' म्हणाले, ती प्रतही मंगळवारनंतरची. रिकाम्या फाइलीची सुरेख रिकामी प्रत.

उलटा_पाना
ज्यांनी काढले त्यांच्याकडे विचारा. आणि डिस्कवर आता काहीही नवीन लिहू नका. मूळ कार्ड कुणाकडे पडून असेल तर फोटोरेक चालवून बघा, ते नावं न बघता जेपीईजीची सुरुवात ओळखून फोटो उपसतं.

कुंपणावरचा
मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हणालो होतो? बी दाबा.

तिरकी_रेघ
बी दाबूनही चुकीच्या फोल्डरात 'ओव्हरराइट'ची खूण राहते हो. फक्त तिथे ५९ आणि ६१ चा हिशेब कुणी ठेवत नाही.

कुंपणावरचा
तेही आहे म्हणा. चारशे फोटोंच्या वर असेल तर मीही एकदा हे करून बघेन. पण एको लावून.

दप्तरदार
गेल्या वर्षीचा मिळाला. ज्याने काढला त्याच्या फोनमध्येच होता, माझ्या एका ओळीच्या निरोपाला त्याने फोटोच धाडला. ओली दोरी, त्यावर सात जणांच्या चपला.

दुसऱ्या वर्षीचा कुणाकडे नाही. कार्ड कॅमेऱ्यासकट विकलं गेलंय. गटात विचारलं तर चौघांना फोटो आठवतोय आणि चौघं चार वेगळी वर्णनं करताहेत.

कमांडी एका फाइलमध्ये लिहून ठेवल्यात. पहिल्या ओळीत शेरा टाकलाय: बाण दिसला की अवतरणचिन्ह. तो फोल्डर तसाच ठेवला आहे, शून्य बाइटच्या फाइलीसकट.

अर्धविराम
त्या फाइलीचं नाव काय आहे?

दप्तरदार
शेवटचे चार अंक ०००१.

टिंबटिंब
म्हणजे कॅमेरा नुकताच ९९९९ ओलांडून आला होता. पहिलाच फोटो.